कार्डातला कामील

आधीच सांगून टाकते, मला पक्ष्यांचं काडीचंही कौतुक नाही. लग्न करून या घरात आले तेव्हा वाटलं होतं, नवरा मिळाला. मिळाला तो फिंच नावाच्या चिमुकल्या गाणाऱ्या पक्ष्यांचा गडी. सकाळी उठल्यावर हा ओदील आधी पिंजऱ्यापाशी जाणार, आतल्या पक्ष्याला दाणे घालणार, पाणी बदलणार, "काय म्हणतोस राजा" म्हणून लाडाने विचारणार. आणि मग मला विचारणार, कॉफी झाली का म्हणून. राजा कोण आणि मोलकरीण कोण ते तुम्हीच ठरवा.

आमच्या गावात निम्म्या म्हाताऱ्यांना हे वेड आहे. वसंत आला की रविवारी सकाळी सकाळी चर्चमागच्या रस्त्यावर लाकडी पेट्या रांगेने मांडतात. एकेका पेटीत एकेक फिंच. पेटीसमोर स्टुलावर एकेक म्हातारा, हातात लांब काठी आणि खडू. पक्ष्याने गाणं शेवटच्या गिरकीसकट पुरं म्हटलं की काठीवर एक रेघ मारायची. तासाने शिट्टी वाजते, ज्याच्या पक्ष्याच्या रेघा जास्त त्याला फुलांचा गुच्छ मिळतो. आणि यात एक गंमत आहे. आपल्या पक्ष्यासमोर आपण बसायचं नाही. आपला पक्षी शेजारच्याने मोजायचा, आपण त्याच्या पलीकडच्याचा. म्हणजे सगळा खेळ दुसऱ्याच्या इमानावर चालतो.

त्या इमानावरूनच आमचं आणि फिर्मिनचं फाटलं.

फिर्मिन म्हणजे आमचा भिंतीला भिंत लागून शेजारी. मागच्या अंगणात मध्ये फक्त एक कुंपणाची झाडी आहे. पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचा. बायको गेल्यापासून एकटाच असतो. एका वर्षी तो आमच्या कामीलच्या पेटीसमोर मोजायला बसला होता. कामील म्हणजे ओदीलचा जीव की प्राण. शिट्टी वाजली आणि त्याच क्षणी कामील गात होता. शिट्टीआधी सुरू झालेलं गाणं धरतात, पण फिर्मिनने रेघ मारली नाही. म्हणाला, "शिट्टी आधी वाजली, गाणं नंतर सुरू झालं." ओदील म्हणाला, "गाणं आधी सुरू झालं." त्या एका रेघेपायी पहिला नंबर गेला. मग काय विचारता! दोन म्हातारे भर रस्त्यात कोंबड्यांसारखे भांडले. तेव्हापासून बोलणं बंद. कचऱ्याचे डबे बाहेर ठेवतानासुद्धा एकाने दुसऱ्याची पाठ वळायची वाट बघायची. पोरखेळ नुसता!

आता कामीलचं गाणं म्हणजे साधंसुधं प्रकरण नाही, हे मलासुद्धा मान्य करावं लागतं. फिंचचं पिल्लू गाणं पोटातून घेऊन येत नाही, ऐकून शिकतं. ओदीलच्या वडिलांच्या पक्ष्याकडून ते दुसऱ्याने घेतलं, त्याच्याकडून तिसऱ्याने, आणि असं करत करत कामीलपर्यंत आलं. पिंजऱ्याला पिंजरा लावून. शेवटची गिरकी अशी काही घ्यायचा की मी भांडी घासता घासता थांबायचे. ओदीलला हे कधी सांगितलं नाही, उगाच डोक्यावर बसला असता.

गेल्या उन्हाळ्यात नवं पिल्लू आणलं. त्याचं नाव पोल्के. पण उन्हाळा सरता सरता फिंच पिसं टाकतात आणि गायचे थांबतात. कामीलही थांबला. ओदील म्हणाला, "असू दे, वसंतात शिकवील." आणि नोव्हेंबरमधल्या एका सकाळी कामील पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला सापडला. वय झालं होतं, दुसरं काही नाही. ओदीलने त्याला रुमालात गुंडाळून कुंपणापाशी पुरलं आणि दिवसभर शेडमध्येच बसून राहिला. मला वाईट वाटलं हो. माणूस रडला असता तर मी काही तरी बोलले असते. न रडणाऱ्या माणसाला काय बोलायचं?

पण एक आशा होती. गेल्या वसंतात ओदीलने रोज सकाळी फोन टेकवून कामीलचं गाणं भरून ठेवलं होतं. तासन्‌तास. इतकं की फोनचं पोट फुगलं, नवा फोटो घ्यायला गेलं की 'जागा शिल्लक नाही' असं यायचं. तेव्हा आमची मुलगी लोब्के आली होती. ती दूर गेंटला असते. तिने नखाएवढं एक कार्ड आणलं, फोनच्या कडेला असलेल्या फटीत सरकवलं. फोनने विचारलं, हे कार्ड सुटं ठेवायचं की फोनच्या पोटातलंच करायचं? लोब्केने दाबलं, पोटातलंच. मग फोनने आपली सगळी गाणी त्या कार्डावर नेऊन ठेवली आणि मोकळा श्वास घेतला.

लोब्के तेव्हा बोट नाचवून म्हणाली होती, "बाबा, नीट ऐका. हे कार्ड आता फोनचंच झालंय. काढायचं नाही. बाहेर काढलंत तर दुसऱ्या कशात चालणार नाही."

"हो, हो," ओदील म्हणाला. पालथ्या घड्यावर पाणी! मला त्याचं 'हो, हो' माहीत आहे. ते पिंजऱ्याकडे बघत म्हटलेलं होतं.

आता त्याचीही बाजू सांगते. या लोकांची रीतच तशी. चांगल्या पक्ष्याचं गाणं कोणाकडे असलं की ते हातोहात फिरतं. पूर्वी कॅसेटी फिरायच्या, मग सीडी आल्या, आता कार्डं. सगळ्यांच्या पिंजऱ्याशेजारी एक लहानसा डबा टांगलेला असतो, त्यात कार्ड घातलं की तो गातो आणि पिल्लू ऐकतं. कॅफेत बिअरच्या ग्लासाशेजारी कार्डांची देवाणघेवाण चालते, पोरं चित्रं बदलतात तशी. यांच्या लेखी कार्ड म्हणजे काढण्याचीच वस्तू. फोनच्या पोटात कायमचं राहणारं कार्ड यांच्या डोक्यात शिरणार कसं?

जानेवारी संपत आला तसा पोल्के घशातल्या घशात काही तरी पुटपुटायला लागला. हीच शिकायची वेळ. एकदा चुकीचं गाणं घशात बसलं की मरेपर्यंत तेच. ओदीलने त्याचा पिंजरा स्वयंपाकघरात उबेला आणला, फोनमधून कार्ड काढलं आणि डब्यात घातलं. डबा मुका. फोन बिचारा ओरडत होता, कार्ड परत घाला, कार्ड परत घाला. ओदीलने तो ड्रॉवरमध्ये टाकला. म्हणाला, "डबा बिघडलाय." आणि संध्याकाळी कार्ड कॅफेत नेऊन आपल्या पक्षीवाल्या सोबत्याला, मौरिट्सला दिलं, तुझ्या डब्यात घालून बघ म्हणून.

यातला घोटाळा मला कळला तो दोन फेब्रुवारीला. त्या दिवशी आमच्याकडे घरोघरी पॅनकेक करतात. कितीही गरीब घर असो, त्या दिवशी तवा तापलाच पाहिजे. मी पीठ फेटत होते आणि लोब्केचा फोन आला. मी सहज म्हटलं, "तुझ्या बाबांचं ते कार्ड चालत नाहीये गं."

ती एकदम सावध झाली. मग म्हणाली, "चालत नाहीये म्हणजे? काढलं की काय?"

"काढलं ना. मौरिट्सकडे दिलंय."

"आई!" अशी किंचाळली की मी कानापासून फोन लांब धरला. "आई, आधी ते परत आणा. त्या कार्डाला कुलूप आहे, आणि किल्ली बाबांच्या फोनमध्ये आहे. परत त्याच फोनमध्ये घातलं तर सगळं जसंच्या तसं येईल. पण दुसऱ्या मशीनमध्ये घातलं ना, तर ते मशीन म्हणेल, हे कार्ड कोरं करून देऊ का? कोणी हो म्हटलं की संपलं. मग देवसुद्धा काही करू शकणार नाही."

ओदील दारात उभा होता. त्याने ऐकलं. चेहरा पिठासारखा पांढरा झाला. "कोरं?" एवढंच म्हणाला. मग मौरिट्सला फोन लावायला गेला तर दोनदा चुकीचा नंबर लागला, म्हणून मीच लावला.

मौरिट्स ताकास तूर लागू देईना. "कार्ड? हां, कार्ड. दिलं होतं खरं. म्हणजे बघ गोदेलीव, माझ्या डब्यानेही वाचलं नाही. फोनमध्ये घातलं तर फोन काहीबाही विचारायला लागला. मी घाबरून 'नाही' दाबलं. मी नाही हो त्याच्या वाटेला गेलो."

"शहाणा आहेस. आता कार्ड कुठंय?"

"तेच सांगतोय. या गोष्टी ज्याला कळतात त्याच्याकडे दिलं."

"कोणाकडे?"

"तू ओदीलला सांगणार नाहीस ना?"

"मौरिट्स, तो माझ्या बाजूलाच उभा आहे."

मग तो हळूच म्हणाला, "फिर्मिनकडे."

ओदीलने हे ऐकलं आणि खुर्चीत बसला. मी म्हटलं, "ऊठ, जा आणि घेऊन ये. दोन पावलांवर घर आहे."

"मी त्याच्या दारात जाणार नाही."

"कामीलचं गाणं आहे त्यात!"

"माहीत आहे मला काय आहे ते!" तो ओरडला. मग आवाज खाली आला. "मी गेलो आणि त्याने ते पुसलेलं असलं, तर मी त्याचं काय करीन मलाच माहीत नाही, गोदेलीव." आणि उठून मागच्या शेडमध्ये निघून गेला. तिथे तो कामीलचा रिकामा पिंजरा घासत बसतो. तीन महिन्यांत इतका घासलाय की त्याचा रंग उडाला.

मग राहिलं कोण? मीच. मी गरम पॅनकेकची चवड ताटलीत घेतली, वर फडकं टाकलं आणि फिर्मिनची घंटा वाजवली. रिकाम्या हाताने कसं जायचं, इतक्या वर्षांनी?

त्याने दार उघडलं. केस पिकले होते, स्वेटरला कोपरावर भोक पडलेलं. मला बघून दचकला, मग ताटलीकडे बघितलं. त्याच्या घरी त्या दिवशी तवा तापला नव्हता हे वासावरूनच कळत होतं.

"गोदेलीव," तो म्हणाला. "ये, ये ना आत. कार्डासाठी आलीस ना? झालंय तयार!" आणि लगबगीने टेबलावरून लहानसं पाकीट आणून माझ्या हातात ठेवलं. "मौरिट्स म्हणाला, चालत नाही. मी चालू केलं. आता कुठल्याही डब्यात घाल, झकास चालेल."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "चालू केलं म्हणजे काय केलंस?"

"विचारत होतं, साफ करू का. रिकामंच दिसत होतं, म्हटलं कर." त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "का गं? काय झालं?"

मी तिथेच त्याच्या बाकावर बसले. सांगितलं सगळं. कार्ड कोणाचं होतं, कुलूप काय, किल्ली कुठे. सांगता सांगता माझे डोळे भरून आले, आणि मला पक्ष्यांचं कौतुक नाही म्हणते मी! पण ते पक्ष्यासाठी नव्हतं. मला शेडमध्ये घासत बसलेला तो म्हातारा दिसत होता. त्याच्या बापाच्या हातून आलेली एकच गोष्ट त्याच्याकडे उरली होती, आणि आता मी घरी जाऊन त्याला काय सांगणार होते?

फिर्मिन उभाच होता. "मौरिट्सने मला सांगितलं नाही," तो म्हणाला. "कोणाचं ते सांगितलं नाही. आईशप्पथ, गोदेलीव. ओदीलचं आहे कळलं असतं तर मी हातसुद्धा लावला नसता."

"मला ठाऊक आहे रे."

"पण त्याला खरं वाटेल?"

 नाहीच वाटणार, हे दोघांनाही माहीत होतं. त्याने खिडकीतून कुंपणाकडे बघितलं. मग म्हणाला, "आत ये. तुला एक दाखवायचंय. म्हणजे दाखवायचं नव्हतं कधी, पण आता दाखवतो."

त्याच्या आतल्या खोलीत रेडिओ मोठ्याने लावलेला होता. शेगडीजवळ पिंजरा, पक्ष्याला वसंतच आलाय असं वाटावं अशा उबेला, त्यावर पातळ कापड. त्याने रेडिओ बंद केला, कापड उचललं. आत एक तरणाबांड फिंच. दिव्याच्या उजेडात त्याने मान उंचावली, छाती फुगवली आणि गायला लागला.

अहो, काय सांगू तुम्हाला. अंगावर काटा आला. तोच चढ, तीच घाई, आणि शेवटी तीच गिरकी. डोळे मिटले असते तर मी म्हटलं असतं, कामील आला.

"हा कुठून आणलास?" मी विचारलं.

"कुठून आणणार? माझंच पिल्लू. गेल्या वसंतात मागच्या अंगणात टांगायचो. तुमचा कामील कुंपणापलीकडून दिवसभर गायचा, हा ऐकायचा. माझ्या म्हाताऱ्या पक्ष्याचा एक सूर घेईल तर शपथ!" फिर्मिन पायांकडे बघत बोलत होता. "मेमध्ये तोंड उघडलं तर हे! मी घाबरलो. म्हटलं, ओदीलने ऐकलं तर गावभर सांगेल, फिर्मिनने गाणंही चोरलं. म्हणून आत आणून ठेवला, रेडिओ लावून. स्पर्धेला नेला नाही. नावसुद्धा ठेवलं नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! आम्ही तिकडे नखाएवढ्या कार्डाच्या मागे गाव पालथं घालत होतो आणि कामील भिंतीपलीकडे रेडिओखाली बसून होता. मला हसू आलं, रडू आलं, आणि फिर्मिनच्या पाठीत एक धपाटा घालावासाही वाटला. "मूर्खा," मी म्हटलं, "चोरलंस कसलं? हवेतून आलेलं ते! उचल तो पिंजरा."

"कुठे?"

"माझ्या स्वयंपाकघरात."

"तो मला घराबाहेर काढेल."

"स्वयंपाकघर माझं आहे. तिथून कोणाला बाहेर काढायचं ते मी ठरवते."

थंडी लागू नये म्हणून त्याने पिंजऱ्यावर आपला कोट घातला, आणि स्वेटरवरच तो माझ्या मागून चालत आला. पोल्केच्या शेजारी खुंटीला पिंजरा अडकवला. मी ओव्हनमध्ये सफरचंदं ठेवली होती, ओव्हनच्या घंटेच्या घड्याळाला पुन्हा किल्ली दिली आणि तवा चढवला. फिर्मिन दाराशी टोपी हातात घेऊन उभा राहिला, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा. दोन-तीन पॅनकेक झाले असतील. घरात ऊब होती, दिवा होता. नव्या जागेत तो पक्षी आधी इकडेतिकडे उड्या मारत बसला. मग गायला.

शेडमध्ये काही तरी खाली पडल्याचा आवाज आला. दार धाडकन उघडलं आणि ओदील तसाच चिखलाच्या बुटांनी आत आला. एरवी मी खपवून घेतलं नसतं. "चाललं!" तो ओरडत होता. "गोदेलीव, कार्ड चाललं!"

मग त्याला पोल्केच्या पिंजऱ्याशेजारचा मुका डबा दिसला. मग दुसरा पिंजरा दिसला. मग फिर्मिन.

 तव्यावरचा पॅनकेक करपायला लागला, तो मी मुकाट्याने उलटला. फिर्मिननेच सुरुवात केली. "कार्ड मी कोरं केलं, ओदील. तुझं आहे हे माहीत नव्हतं. पण हो म्हणणारा मीच. ते गाणं आता त्यात नाही."

ओदील त्याच्याकडे बघत नव्हता, पक्ष्याकडे बघत होता. "हा कधीपासून गातोय?"

"गेल्या मेपासून."

"आणि तू लपवलास."

"तू म्हणाला असतास, चोरला."

"म्हणालोच असतो," ओदील म्हणाला. "अजूनही म्हणेन." पण आवाजात राग नव्हता.

"तो इथेच राहू दे," फिर्मिन म्हणाला. "पिल्लू शिकेपर्यंत. वसंतभर राहू दे. दाणे मी आणून देईन."

 ओदील कोपऱ्यात गेला, कपाटामागून आपली काठी काढली, खिशातून खडू. स्टूल ओढलं आणि बसला. पोल्केसमोर नाही, फिर्मिनच्या पक्ष्यासमोर. पक्षी गायला, त्याने रेघ मारली. पुन्हा गायला, पुन्हा रेघ. फिर्मिन हळूच पुढे येऊन टेबलाशी बसला. मी ताटल्या मांडल्या, तीन. पोल्के मान तिरकी करून, गप्प बसून ऐकत होता. असा गप्प मी त्याला कधी पाहिला नव्हता.

आणि मग ओव्हनचं घड्याळ किणकिणलं. नेमका तेव्हाच पक्षी गाण्याच्या मध्यावर होता. त्याने शेवटची गिरकी घेतली तोवर घंटा वाजून गेली होती. ओदीलचा खडू काठीवर थांबला.  त्या क्षणी तिघांच्याही मनात काय होतं, ते मला वेगळं सांगायला नको.

ओदीलने रेघ मारली. "घंटेच्या आधी सुरू झालं होतं," तो म्हणाला. "हे धरायचं."

फिर्मिनने टोपी टेबलावर ठेवली. 

"त्या दिवशीही," तो म्हणाला, "त्या दिवशीही आधीच सुरू झालं होतं, ओदील."

ओदीलने काठी भिंतीला टेकवली, हाताला लागलेला खडू पँटला पुसला आणि त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसला.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "साखर घे. थंड होतायत ते."